बेल दाबली तेव्हा मी डावीकडे वळत होतो

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा, निळा, एका कडेला जरासा जळालेला असा मी एक जुना बोर्ड आहे. शाळेत खडूनं लिहितात तो बोर्ड नाही. माझ्यावर एक काळी चिप आहे. दोन्ही बाजूंना वायरी खोचायला भोकं आहेत. आणि एक बारीकसा हिरवा दिवा आहे, करंट मिळाला की तो लागतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. आमच्यासारख्या बोर्डांचा नकाशा कुणी कुलपात ठेवलेला नाही. ज्यांनी तो पहिल्यांदा काढला त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं, घ्या, बनवा, बदला, शिका. म्हणून माझी भावंडं जगभर आहेत. कुणी कुंड्यांना पाणी सोडतं, कुणी टाकी भरली की मोटर बंद करतं. मी मात्र पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीत, खिळ्याला लटकून पडलो होतो.

तिथून मला अंजलीनं घेतलं. तेव्हा ती डिप्लोमाला होती. घर कासारवाडीला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. तिचे पप्पा धम्मपाल चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. पत्रा दाबायच्या मशिनी. धाड, धाड, शिफ्टभर तेच. वर ओव्हरटाइम. असं करत करत त्यांचे कान गेले. आधी कमी ऐकू यायचं, मग काहीच नाही. काम सुटलं. घरी बसले. रेल्वेगाडी गेली की जमीन थरथरते तेवढी त्यांना पायाला कळायची, आवाज नाही.

अंजलीची मम्मी कस्तुरा दवाखान्यात ड्युटीला जायची. परत आली की दाराबाहेर उभी. बेल वाजवून वाजवून थकायची. आतून कडी, आणि आत ऐकणारं कुणी नाही. अंजली कॉलेजातून आणि तिचा धाकटा भाऊ सनी शाळेतून येईपर्यंत ती पायरीवर बसायची. मग सनी खिडकीच्या गजांतून आत शिरून कडी काढायचा. म्हणून अंजलीनं मला आणलं होतं.

तिनं मला टीव्हीच्या वर, एका डब्यात बसवलं. बेलच्या बटणाची एक वायर माझ्यात, एक वायर माझ्यातून पिवळ्या बल्बला. मग मला काय करायचं ते लिहून दिलं. आम्हा बोर्डांना स्वतःचं डोकं नसतं. जे लिहून आत टाकाल तेवढंच आम्ही करतो.

पहिल्या दिवशी ती बाहेर गेली आणि बेल दाबली. मी बल्ब लावला, विझवला, परत लावला. सावकाश. धम्मपालनी बल्बकडं बघितलं, दाराकडं बघितलं, उठून कडी काढली.

"धम्मपाल साहेब आहेत का घरात?" अंजलीनं तोंड मोठं करून विचारलं.

त्यांना ओठ वाचता यायचे. म्हणाले, "साहेब ड्युटीवर गेलेत. उद्या या."

कस्तुरा स्वयंपाकघरातून बघत होती. "झाली का मस्करी सुरू? आता तरी मला पायरीवर बसवू नका."

पुढं अंजलीनं मला एक छोटा माईक जोडला आणि अजून एक काम शिकवलं. कुकरची शिट्टी झाली की बल्ब भराभर लुकलुकवायचा. हे सोपं नव्हतं. सुरुवातीला गाडीनं हॉर्न दिला तरी मला शिट्टीच वाटायची. मी बल्ब लुकलुकवायचो, धम्मपाल उठून गॅस बंद करायचे आणि भात कच्चा राहायचा.

"पप्पा, आज पण कच्चा!" सनी ओरडायचा.

"तुझ्या ताईला सांग. लोणावळ्याची गाडी कुकरमधून चाललीय म्हणावं."

अंजली रोज थोडं बदलायची, थोडं खोडायची, परत मला भरवायची. शिट्टी आणि हॉर्न यातला फरक मला कळायला लागला तेव्हा ती माझ्याकडं बघून एकटीच हसली होती. मग तिनं बेलखाली एक पाटी लावली : "बेल दाबा. आत लाईट लागते." शेजारच्या गोजाबाई पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायच्या. "ह्यांच्या पोरीनं केलंय. दाबा की, दाबून बघा!" माझं आयुष्यातलं सगळं कौतुक त्या गल्लीतच झालं.

नंतर अंजली चाकणला नोकरीला लागली, तिकडंच रूम घेऊन राहायला गेली. माझ्यावर धूळ बसली, फोडणीचा तेलकटपणा बसला. त्याचं मला काही नव्हतं. बल्ब लागत होता.

आता ज्ञानदेवबद्दल सांगतो. तो आणि धम्मपाल एकाच लाईनवर होते. एका डब्यात जेवायचे. धम्मपालचे कान गेले तेव्हा कंपनीत चौकशी झाली की कामगारांना कानात घालायला प्लग मिळत होते का. मिळत नव्हते. कधीतरी वरून साहेब यायचे तेव्हा वाटायचे, एवढंच. पण ज्ञानदेवनं सांगितलं, मिळत होते, रोज. त्याची नोकरी जाईल अशी भीती होती त्याला. त्याच्या त्या एका वाक्यावर धम्मपालची तक्रार संपली. आणि दोस्तीही.

घरात त्याचं नाव निघायचं नाही. पण कधीकधी बल्ब लागला की धम्मपाल जरा जास्तच घाईनं उठायचे. दार उघडायचे. दारात दुसरंच कुणीतरी असायचं. ते परत येऊन बसायचे.

सनीच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. त्यानं काळ्या पट्टीवरून आपोआप पळणारी गाडी बनवली होती. आदल्या दिवशी त्यानं घाईत बॅटरी उलटी जोडली आणि त्याचा बोर्ड धूर काढून मेला. सनी पप्पांच्या समोर येऊन बसला.

"पप्पा, टीव्हीवरचा बोर्ड नेऊ? एकच दिवस. उद्या परत लावतो."

"ने. पण लाव परत आठवणीनं."

"लावतो हो. शप्पथ."

पोरगं निष्काळजी नव्हतं, हे मला सांगायलाच पाहिजे. वायरी काढायच्या आधी त्यानं मोबाईलवर फोटो काढला. कुठली वायर कुठल्या भोकात, सगळं. आमच्याकडची पोरं असंच करतात. एका प्रोजेक्टमधला बोर्ड काढायचा, दुसऱ्यात लावायचा, काम झालं की फोटो बघून परत जागेवर.

पण मित्रांनो, माझ्या पोटात एका वेळी एकच प्रोग्राम मावतो. नवा आत आला की जुना पुसला जातो. सनीनं गाडीचा प्रोग्राम टाकला त्या क्षणी बल्ब, बेल, शिट्टी, हॉर्न सगळं गेलं. मला सांगता आलं नाही. मला तोंडच नाही.

प्रदर्शनात मी छान पळालो. टाळ्या पण पडल्या. दुसऱ्या संध्याकाळी सनीनं मला घरी आणून डब्यात बसवलं. फोटो बघून एकेक वायर लावली, अगदी बरोबर. करंट सुरू केला. माझा हिरवा दिवा लागला.

सनीनं पप्पांना अंगठा वर करून दाखवला. धम्मपालनी हिरवा दिवा बघितला आणि मान हलवली. झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरा ड्युटीवर, सनी कॉलेजात. धम्मपाल टीव्हीवर बातम्या वाचत बसले होते, म्हणजे खाली पट्टी पळते ती. कुकर अजून चढला नव्हता. आणि बेल दाबली गेली.

बेलची वायर ज्या भोकात होती तिथं सनीच्या प्रोग्रामात गाडीचा पट्टी बघणारा डावा सेन्सर होता. त्यामुळं मला वाटलं, डावीकडं काळी पट्टी आली. मी डाव्या चाकाला सांगितलं, हळू. उजव्याला सांगितलं, जोरात. चाकं नव्हतीच. परत बेल. परत मी वळलो. बाहेर एक माणूस बेल दाबत होता आणि मी आत इमानदारीनं डावीकडं वळत होतो.

बाहेर काय झालं ते मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं.

गोजाबाई पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दाबा, दाबा. आत लाईट लागते त्यांच्या."

"दाबतोय की मावशी. कवाधरनं दाबतोय."

"मग येतील. टीव्ही बघत असतील."

"टीव्ही बघतोय ते दिसतंय मला," तो खिडकीकडं बघत म्हणाला.

खिडकीतून धम्मपालची पाठ दिसत होती. बल्ब दिसत नव्हता. गोजाबाई पाणी भरून परत आल्या तोवर दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी कस्तुराला सांगितलं, "अगं, एक माणूस येऊन गेला तुमच्याकडं. उंच आहे. हाताला बोटं कमी आहेत त्याच्या."

प्रेसवर बोटं जाणारे बरेच असतात. पण कस्तुराला लगेच कळलं. तिनं तिथंच उभं राहून फोन लावला.

"भाऊजी, तुम्ही आला होता का?"

"जय भीम वहिनी. आलतो. गाडीत हाय आता. खोली सोडली, कायमचा निघालोय गावाकडं. म्हणलं, जाताना धम्माचे पाय धरावं, माझं चुकलं म्हणावं. तो बसला होता, मला दिसत होता. न्हाई उठला. बरोबर हाय त्याचं."

"अहो, त्यांना दिसलंच नसेल..."

"दिसतंय वहिनी. तुमच्या बेलवर लिवलंय की."

फोन ठेवल्यावर कस्तुरानं ती पाटी वाचली. मग तिनं स्वतःच्याच घराची बेल दाबली. उघड्या दारातून बल्ब दिसत होता, तो लागला नाही. परत दाबली. मी डावीकडं वळलो.

सनीनं डबा उघडला. "पण मम्मी, हिरवा दिवा चालूये ना! वायरी पण बरोबर आहेत, हा बघ फोटो!" त्यानं अंजलीला व्हिडिओ कॉल केला.

"नवीन प्रोग्राम टाकला होतास का त्याच्यात?" अंजलीनं विचारलं.

"हो, गाडीचा. पण तुझा आहे ना आत? खाली असेल."

"खाली? सनी, ते काय कपाट आहे का?"

"मग तुझ्याकडून परत टाक ना ताई."

अंजलीकडं ते नव्हतं. तिनं लिहिलेलं कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर होतं. लॅब नवीन झाली, जुने कॉम्प्युटर भंगारात गेले. शिकताना तिनं अनोळखी लोकांनी नेटवर ठेवलेलं कितीतरी फुकट घेतलं होतं. स्वतःचं तिथं ठेवावं असं तिला वाटलं नाही. घरातला एक बल्ब, त्याचं काय एवढं.

कस्तुरानं धम्मपालना सगळं सांगितलं. हळूहळू, तोंड मोठं करून. ज्ञानदेव आला होता, बेल दाबत होता, गेला. धम्मपालनी ते तिला दोनदा बोलायला लावलं. नंतर सनी रडायला लागला तेव्हा ते म्हणाले, "रडू नको. लाईट लागली असती तरी मी दार उघडलं असतं का नाही, मला माहीत नाही. त्याला बघून परत बसलो पण असतो." मग म्हणाले, "पण ते मी ठरवलं असतं ना."

माझ्या आयुष्यात मला इतकं कुणी बोललं नव्हतं. आणि ते माझ्याकडं बघत पण नव्हते.

सनीनं ज्ञानदेवच्या मोबाईलवर मेसेज लिहिला. काका, लाईट लागलीच नव्हती, माझ्यामुळं झालं, पप्पांना माहीतच नाही तुम्ही आलेले. सोबत माझा फोटो पाठवला. बंद बल्बचा व्हिडिओ पाठवला.

उत्तर आलं : "राहू दे बाळा. बापाचं ओझं तू घेऊ नको."

सनीनं खरं सांगितलं, तर तेच ज्ञानदेवला बहाण्यासारखं वाटलं. कस्तुरानं परत फोन केला, तर तो "बरं बरं" म्हणाला आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागला.

अंजली सुट्टीला आली. माझ्यासमोर बसून तिनं बेलचं काम परत लिहिलं, ते लवकर झालं. शिट्टीचं अजून जमलेलं नाही, हॉर्नला मी परत फसतो. पण जेवढं झालं तेवढं तिनं या वेळी नेटवर टाकलं. कुणीही घ्या म्हणून. खाली लिहिलं, "कान गेलेल्या माणसाच्या घरासाठी."

आता बल्ब लागला की धम्मपाल ताटावरून पण उठतात. गल्लीतली पोरं गंमत म्हणून बेल दाबून पळतात, तरी उठतात. दार उघडून गल्लीच्या टोकापर्यंत बघतात.

काल ते सनीला म्हणाले, "फोनवर त्याला पटायचं नाही. तोंड बघून पटलं तर पटंल. वल्लभनगरवरून सकाळची एसटी आहे."

"मी येतो पप्पा."

"येच. तुझ्याच तोंडानं सांग त्याला. आणि मी सांगतो ते तो ऐकून घेतो का बघू, मला तर त्याचं काही ऐकू येणार नाही." असं म्हणून ते हसले. कस्तुरा नाही हसली. तिनं आज पहाटे चपात्या बांधून दिल्या.

मित्रांनो, मी साधा बोर्ड आहे, तुम्हाला काय शिकवणार? पण एक विनंती करतो. माझ्यासारख्याला नव्या कामाला जुंपताना आधी विचारा, जुनं काम कुणाचं होतं, कोण त्याच्यावर विसंबून बसलंय. तुम्ही लिहिलेलं जपून ठेवा आणि दुसऱ्यालाही द्या. आणि परत जागेवर लावलंत की नुसता हिरवा दिवा बघून जाऊ नका. करंट आलाय, एवढंच तो सांगतो. त्या संध्याकाळी सनीनं दाराबाहेर जाऊन एकदा, फक्त एकदा, बेल दाबून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

सकाळी दोघं गेले. आता दुपार झालीय, म्हणजे एव्हाना त्या गावात पोचले असतील. मी इथं टीव्हीच्या वर आहे. ज्ञानदेवनं दार उघडलं की नाही, मला माहीत नाही.