सुट्या भागांचा सर्व्हर

शिलाई मशीन बिघडलं की आसपासचे लोक एकाच दुकानाची वाट धरत. दुकान कसलं, तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पत्र्याचे डबे आणि डब्यांवर खडूने लिहिलेलं: शटल, स्प्रिंगा, दाते, बारीक स्क्रू, बारीकच पण उलट्या आट्यांचे स्क्रू. खिडकीपाशी टेबल, आणि टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेली मावशी. साठी उलटून गेली होती तिची. सगळं जग तिला मावशी म्हणे. सख्खी भाची मात्र एकच.

मावशीला एक खोड होती. मशीन दुरुस्त झालं तरी तिचं समाधान होत नसे. ते बंद का पडलं होतं हे कळेपर्यंत ती गिऱ्हाइकाला हलू देत नसे. "चालायला लागलं ना मावशी, द्या आता," असं कोणी म्हणालं की म्हणे, "चालायला लागलं हे मलाही दिसतंय. थांबलं का होतं, ते दिसत नाहीये." जे मशीन ती उघडे त्याचं चित्र काढून ठेवी. एकेक भाग सुटा, शेजारी नाव, कुठला आधी काढायचा आणि कुठला नंतर. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. लांबलांबून फोन येत, आणि मावशी अर्धा अर्धा तास घसा कोरडा करी. "अहो, डावीकडचा नव्हे! त्याच्या मागचा! मागचा म्हणजे तुमच्या पोटाकडचा!"

भाची दोन आठवडे रजा काढून आली होती. एका मोठ्या ऑफिसात ती सर्व्हर सांभाळायची. दोन दिवस तिने हे फोन ऐकले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, ही चित्रं इंटरनेटवर टाकू या. माझा जुना कॉम्प्युटर इथेच पडलाय. त्यावर लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली टाकते, त्यावर एक वेब सर्व्हर. पाच मिनिटांचं काम."

"वेब सर्व्हर म्हणजे काय गं?"

"काउंटरवरचा माणूस समज. कोणी येऊन म्हणतं, अमुक पान द्या. हा आत जातो, ते पान काढतो, देतो."

"आणि पाच मिनिटांत तयार होतो?"

"एक ओळ लिहायची. तयार पाकीट येतं आणि आपोआप बसतं."

"पाकिटात काय असतं?"

"प्रोग्रॅम."

"तो कशाचा बनलेला असतो?"

भाचीने मान वर केली. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "माणसांनी लिहिलेला मजकूर असतो मुळात. सोर्स कोड. यंत्राला कळेल असं त्याचं रूपांतर आधीच करून पाकिटात भरलेलं असतं."

"तो मजकूर मिळतो?"

"मिळतो की. फुकट. कुणीही वाचावा, कुणीही जुळवावा."

मावशीने भिंग खाली ठेवलं. "म्हणजे जोडलेलं मशीनही मिळतं आणि सुटे भागही मिळतात. आणि तू मला जोडलेलं घे म्हणतेस?"

"अगं, नवशिके असं करत नाहीत!"

"मग नवशिके शिकतात कधी?"

भाचीने कोपरापासून हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरची मशीनं बाजूला सरकली आणि तो जुना कॉम्प्युटर मध्यभागी आला. लिनक्स टाकून झाल्यावर काळा पडदा समोर आला. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस्स. मावशीने पडद्याच्या मागेही वाकून पाहिलं. "बटणं कुठायत?"

"बटणं नाहीत. जे हवं ते लिहून सांगायचं."

"बरंय. बोलणारं गिऱ्हाईक आहे."

सोर्स उतरला. एकच गाठोडं होतं ते. भाचीने सांगितलेली ओळ मावशीने एकेक अक्षर शोधत टाइप केली आणि गाठोडं सुटलं. आत शेकडो फाइली. मावशीने त्यातली एक उघडून घेतली. मशीनांच्या कॅटलॉगवर घासूनपुसून शिकलेलं तिचं इंग्रजी इथे अर्ध्यावरच दमलं, पण मधे मधे साध्या वाक्यात टिपा होत्या. एकीत कुणी लिहून ठेवलं होतं की, हे इथे विचित्र दिसेल, पण काढू नका, काढलं तर अमुक ठिकाणी बिघडतं.

मावशी खुदकन हसली. "हा माझ्यासारखाच दिसतोय कुणीतरी."

मग जुळणीपूर्वीची तपासणी. "हा आधी घरभर फिरून बघतो," भाची म्हणाली, "कुठली हत्यारं आहेत, कुठली नाहीत." ओळी सरसर खाली गेल्या आणि गाडी थांबली. कंपायलर सापडला नाही, असा निरोप.

भाची पटकन पुढे झाली. "घाबरू नकोस, हे होतं."

"मी कशाला घाबरू? काय दुखतंय ते स्वतः सांगतोय. माझी मशीनं सांगत नाहीत. कंपायलर म्हणजे?"

"तो मजकूर यंत्राच्या भाषेत आणणारा."

कंपायलर आला. पुन्हा तपासणी. यावेळी गाडी जरा पुढे गेली आणि पुन्हा अडली. एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोडचा संच, नव्हती. पॅटर्न ओळखण्याचं काम तिचं, एवढं नावावरून कळत होतं.

"ही कशाला लागते?" मावशीने विचारलं. "पान मागितलं, पान दिलं. त्यात पॅटर्न कुठून आला?"

भाची पुढे वाकली. पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "माहीत नाही."

"बरं. बघू या."

"नाही मावशी, ऐक ना. आठ वर्षं मी हेच करतेय आणि मला माहीत नाही. मी एकदाही सोर्सपासून जुळवलेला नाही. नेहमी तयार पाकीट." ती बोटांनी टेबलाची कड खरवडत होती. "मागच्या महिन्यात ऑफिसातला सर्व्हर चार तास बंद पडला. मी तो बंद करून परत चालू केला, चालला. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, का पडला होता? मी म्हटलं, आता चालतोय ना. सगळे हसले. रजा काय उगाच काढली नाहीये मी."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं, पण हात तेलकट होते. ते फडक्याला पुसता पुसता तिने शेजारचं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"ये, जवळ बस. मलाही माहीत नाही, तुलाही माहीत नाही. आता कोणी कोणाला हसायला नको."

दुपारभर दोघी वाचत बसल्या. अखेर उलगडा झाला तो असा: लोक पानांचे पत्ते नाना तऱ्हांनी मागतात. काउंटरवरच्या माणसाला सांगून ठेवता येतं की, अशा अशा धाटणीचा पत्ता आला की अमुक कपाटाकडे जा. ती धाटणी ओळखायला ही लायब्ररी.

"म्हणजे शिंपी कागदाचा नमुना कापडावर ठेवतात तसं," मावशी म्हणाली.

"फक्त कापायचं नाही. ठेवून बघायचं, बसतो का." आणि भाचीचा चेहरा आल्या दिवसापासून पहिल्यांदा उजळला.

लायब्ररी घातल्यावर तपासणी शेवटपर्यंत गेली. मग जुळणी. पडद्यावर ओळींचा नुसता धबधबा. मावशी हनुवटी हातावर टेकून पाहत राहिली. फाइलींची नावं येत होती, जात होती. सकाळी वाचलेली ती टीपवाली फाइलही झर्रकन गेली, तशी तिने पडद्यावर बोट ठेवलं, पण तोवर ती पार वर निघून गेली होती. सगळं शांत झाल्यावर शेवटची पायरी, जुळवलेलं जागच्या जागी बसवणं. मावशीने ओळ लिहिली. परवानगी नाही, असं उत्तर आलं.

"आता हे काय? कॉम्प्युटर माझा, वीज माझी, खोली माझी!"

"पण तू इथे साधी वापरकर्ती म्हणून आलीस. सगळ्यांच्या कामाच्या जागी काही ठेवायचं तर मालकाचा अधिकार लागतो."

"मालक कोण मग?"

"तूच. फक्त तसं म्हणावं लागतं, आणि पासवर्ड द्यावा लागतो."

मावशीला हे फार आवडलं. चुकून हात लागून काही मोडू नये म्हणून मालकालाही दारात एकदा थांबवणारं यंत्र तिने पाहिलं नव्हतं. तिने तसं म्हटलं, पासवर्ड दिला आणि सर्व्हर बसला. चालू केला. भाचीने त्याच कॉम्प्युटरवर नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर उघडला. काळ्या पडद्यावर स्वागताची एक ओळ आली. सजावट नाही, काही नाही. दोघी त्या ओळीकडे असं पाहत राहिल्या, जणू बाळाने डोळे उघडले.

मात्र समोरच्या दुकानातून काजेकाका आले आणि त्यांच्या फोनवर ते पान काही उघडेना. काका जन्मभर शर्टांना काजे करत आलेले, म्हणून हे नाव. "बाई, तुमचं पान घरकोंबडं दिसतंय," ते म्हणाले. इथेच घोडं पेंड खात होतं: सर्व्हर उभा होता, पण कॉम्प्युटरचा पहारेकरी बाहेरच्या कुणाला आत सोडत नव्हता. तो कुठे बसतो, त्याला कुठलं दार उघडायला सांगायचं, आणि राउटरला ते दार कसं दाखवायचं, हे भाचीला तोंडपाठ होतं. तिने ते केलं, पण प्रत्येक ओळीला मावशीने 'का' विचारलं आणि वहीत उत्तर उतरवून घेतलं. काकांच्या फोनवर पान उघडलं. पुढच्या आठवड्यात चित्रांचे फोटो चढले, मशीनांची यादी झाली, आणि काका आल्यागेल्याला फोन दाखवत सुटले, "बघा, बाईंचं शटल माझ्या खिशात!"

भाची गेली. तिच्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, तासाभराने आली. काका दारातूनच ओरडले, "बाई, पान गेलं!"

मावशीने पाहिलं. कॉम्प्युटर चालू, दिवा लागलेला, पंखा घरघरतोय. पान नाही. तिने आधी भाचीला फोन लावायला घेतला, मग ठेवून दिला आणि वही उघडली. काय चाललंय ते दाखवणारी ओळ तिने लिहून ठेवली होती. ती चालवली. लांबलचक यादी आली, त्यात सर्व्हरचं नाव नव्हतं. म्हणजे यंत्र सुरू झालं होतं, काउंटरवरचा माणूस आलाच नव्हता. तिने तो हाताने चालू केला. पान आलं.

"झालं!" काका म्हणाले.

"काही झालं नाही," मावशी म्हणाली. "तो आपणहून का आला नाही?"

तेव्हा तिने फोन लावला. भाची म्हणाली, "अगं हो! तयार पाकिटात ते आपोआप येतं. सुरू झाल्या झाल्या कोणाकोणाला उठवायचं याची यादी असते, पाकीट आपलं नाव त्यात घालतं. आपण हाताने जुळवला, मग त्याचं नाव कोण घालणार? थांब, मी सांगते कसं..."

"सांगू नकोस. कुठे वाचायचं तेवढं सांग."

पलीकडून हसू आलं. "मावशी, मलाही सापडलं. ऑफिसचं. जुन्या नोंदी वाचत बसले दोन दिवस. नोंदींच्या फाइली वाढत वाढत डिस्क भरली होती, म्हणून तो पडला. परत चालू करताना तात्पुरत्या फाइली पुसल्या गेल्या, म्हणून चालला. आज साहेबांना कागदावर काढून दाखवलं."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी विचारलं, हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. तेही माहीत होतं मला."

मावशीला सगळी दुपार लागली. सर्व्हर कुठे बसलाय, कोणानंतर उठायचंय, पडला तर काय करायचं, अशी सात-आठ ओळींची फाइल तिने लिहिली. पहिल्यांदा ती चालली नाही. निरोप वाचला तर पत्त्यात एक तिरपी रेघ लिहायची राहिली होती. ती घातली. मग कॉम्प्युटर रीतसर बंद केला, हातात घड्याळ धरून बसली आणि परत चालू केला. काजेकाका फोन धरून दारात उभे. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही हो." "आता?" "आलं! बाई, आलं!" दोघांनी हे आणखी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा काकांच्या फोनची बॅटरीच संपली.

त्यानंतर सर्व्हरची नोंदवही वाचायची तिला सवय लागली. सकाळचा चहा घेता घेता कोण आलं, काय मागितलं ते ती बघे. पहिल्या दिवसापासून काही अनोळखी पाहुणे मुळात नसलेल्याच पानांची कडी वाजवून जात होते. ते भुरटे, भाचीने सांगितलं होतं, चुकून उघडं राहिलेलं दार शोधत फिरतात. काही खरे लोक असत. आणि एका सकाळी एकाच पाहुण्याच्या कॉम्प्युटरचा पत्ता तिला चार वेळा दिसला. कुणीतरी यादीतल्या 'दोन सुयांचं मशीन' या नावावर बोट ठेवलं होतं, आणि चारही वेळा समोर एकच आकडा होता, चारशे चार. पान नाही.

मावशीने अकराही वह्या चाळल्या. नव्हतंच. नाव तिने उत्साहाच्या भरात यादीत घातलं होतं. ते मशीन तिने कधी उघडलेलंच नव्हतं. आतापर्यंत ज्यांना उत्तर मिळे तेच तिला माहीत होते. कोण रिकाम्या हाताने परत जातं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. कोण असेल हा माणूस? त्याचं काय अडलं असेल, सुई की शटल? चार वेळा म्हणजे चांगलंच अडलं असणार.

ती उठून रस्ता ओलांडून गेली.

"काजेकाका, ते कोपऱ्यातलं दोन सुयांचं मशीन कोणाचं?"

"माझंच. पण ते बिघडलेलं नाहीये, बाई."

"माहीत आहे. उघडून बघायचंय."

काकांनी कपाळाला हात लावला, पण मशीनवरचं कापड काढलं. मावशीने खाली कोरा कागद पसरला, भिंग डोळ्याला लावलं आणि पहिला स्क्रू सोडवला. तो उलट्या आट्यांचा निघाला. "अरेच्चा," ती पुटपुटली, आणि कागदावर त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली.