शेजारच्या सीटवरून

"हिरवा!" बाई म्हणाल्या.

"हिरवा!" साहेबांनी तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर दिलं आणि घरगाडी चौक ओलांडून त्यांच्या गल्लीत शिरली.

"डावीकडे आपलं फाटक. माझ्या बाजूला कुंडी आहे हं. सावकाश... अजून थोडी... बास!"

"बास!" म्हणत साहेबांनी ब्रेक दाबला. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं असलेल्या त्या भाड्याच्या गाडीनं एक उसासा सोडला आणि ती गप्प झाली. प्रवास संपला. बाईंना एकदम रडूच आलं. वेड्यासारखं काय हे, म्हणून त्यांनी पदरानं नाक पुसलं.

साहेबांनी उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवलं होतं. तिथला नियमच तसा. शेजारच्या सहायकानं सिग्नल बघून मोठ्यानं सांगायचा, ड्रायव्हरनं तोच मोठ्यानं परत म्हणायचा, मगच पुढचं काय ते. निवृत्त झाल्यावर ते घरगाडी घेऊन निघाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बायकोला बजावलं, "शेजारी बसायचं तर काम करायचं. फुकट बसायला मिळणार नाही." बाईंचा घसा शाळेत तयार झालेला, शेवटच्या बाकापर्यंत आरामात पोचणारा. सिग्नल, पाट्या, खड्डे, गुरं, मागून घुसणारे आगाऊ लोक, सगळं त्या सांगत गेल्या. इतकी वर्षं नवरा इंजिनात आणि आपण घरात. आता कुठे दोघं एका खिडकीतून बघतोय, असं त्यांना वाटायचं.

घरात शिरल्यावर मात्र दोघं दारातच थांबले. त्यांच्या माघारी लेकीनं भिंती रंगवून घेतल्या होत्या आणि सामानाची पार उलथापालथ केली होती. साहेब सवयीनं उजवीकडे वळले आणि त्यांचा गुडघा टिपॉयवर असा आदळला की वरची फुलदाणी आडवी झाली.

"अगं, हे मधेच कुणी आणून ठेवलं?"

"बाबा, डोळे गाडीतच विसरलात की काय?" लेक म्हणाली.

सगळे हसले. बाईही हसल्या.

जेवताना लेकीनं विषय काढला. पोरीच्या शाळेची बस बंद झाली होती आणि लेकीला कामावर सध्या सकाळची पाळी होती. "उद्या सुट्टी आहे, तुमचं ते धूड परत करून या. परवापासून माझी गाडी घेऊन हिला शाळेत सोडाल ना? मी जाईन दुसऱ्या कुणाबरोबर तरी."

साहेबांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना?"

लेकीनं किल्ली आणून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिशात टाकली आणि नातीला जवळ ओढलं. "पण आमच्यात एक नियम असतो. शेजारी बसेल त्यानं सिग्नल सांगायचा. जमेल?"

"मला सगळे रंग येतात!"

"नुसते येऊन काय उपयोग? ओरडून सांगता आले पाहिजेत."

पोरगी घर डोक्यावर घेऊन ओरडायला लागली. "लाल! पिवळा! हिरवा!" आणि प्रत्येक वेळी साहेब तोच रंग परत म्हणत होते.

"चला, माझी नोकरी गेली," बाई म्हणाल्या.

"सुटलो एकदाचा!" साहेबांनी लेकीकडे तोंड केलं. "तुझ्या आईनं कान किटवले गं माझे. सकाळी तोंड उघडायचं ते गाडी थांबेपर्यंत मिटायचं म्हणून नाही. इंजिनाचा आवाज परवडला."

लेक खो-खो हसली. बाईंनी ताटं उचलली आणि मोरीत जरा जास्तच जोरात ठेवली. स्वतःच कामाला जुंपायचं आणि वर चारचौघांत थट्टा करायची? बरं. आता एक शब्द बोलेन तर शपथ.

सकाळी गाडी पोचवायला निघाले, तेव्हा बाई शेजारी बसल्या खऱ्या, पण तोंड खिडकीकडे करून.

"निघू?"

उत्तर नाही.

"अगं, रुसलीस होय? गंमत केली मी."

बाईंनी पर्स मांडीवरून उचलून पुन्हा मांडीवरच ठेवली. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी सुरू केली.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर ते एका बसच्या मागे गेले. बस थांबली की थांबायचे, हलली की हलायचे. पुढे जायला भरपूर जागा असूनही ते बसच्या शेपटाला चिकटून होते. बाईंना हसू येत होतं. बोलायला माणूस नाही तर कसा सुतासारखा सरळ झालाय बघा, असं त्यांच्या मनात आलं.

पुढच्या चौकात बस डावीकडे वळून गेली. समोर रस्ता मोकळा होता आणि सिग्नल लाल होता. लख्ख लाल. बाईंनी तो पाहिला आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

गाडी थांबली नाही.

थांबेल, आता थांबेल, म्हणेपर्यंत ती चौकात शिरली. उजवीकडून एक सायकलवाला येत होता. बाईंच्या तोंडून किंकाळी फुटली, साहेबांनी ब्रेक दाबला, मागे गाडीत भांडी खाली कोसळली. सायकल आडवी पडली. तो माणूस उडी मारून बाजूला झाला होता. त्यानं येऊन दारावर दाणकन हात मारला, तोंडाला येईल ते बोलला, आणि सायकल उचलून निघून गेला.

साहेबांनी बाईंच्या सांगण्यावरून गाडी कशीबशी कडेला घेतली. पर्सचा बंद त्यांनी हाताला गच्च गुंडाळला होता.

"लाल होता," त्या म्हणाल्या. "अहो, लाल होता!"

"तू बोलली नाहीस."

"बोलले नाही म्हणून काय? तुम्हाला दिसला नाही?"

साहेब तळव्यानं स्टिअरिंग पुसत राहिले. त्यावर धुळीचा कणही नव्हता.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर कान दिसतो. तोंड नाही."

"कधीपासून?"

"निघायच्या आधीपासून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाडीला हात लावू नका म्हणून." मग हळूच, "तुला सांगितलं असतं तर निघाली असतीस?"

एका घाटात त्यांना डुलकी लागली होती. जागं होऊन बघतात तर गाडी कडेला उभी, आणि साहेब हाताची घडी घालून बसलेले. "तुला झोपू दिलं," ते म्हणाले होते. किती भरून आलं होतं बाईंना तेव्हा! फोन करकरून त्यांनी मैत्रिणींना सांगितलं होतं. त्या वळणाखालची दरी आता त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. डोळा लागला तेव्हापासून गाडी थांबेपर्यंत ते किती अंतर गेले असतील?

"आणि पोरीला?" त्यांचा आवाज चिरकला. "उद्या पोरीला शेजारी बसवून घेऊन जाणार होतात?"

"सांगते की ती. चांगलं सांगते."

बाईंनी त्यांच्या दंडावर फाडकन एक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. साहेबांनी दंड बाजूला घेतला नाही.

मग बाईंनीच गाडीच्या मालकाला फोन करून माणूस पाठवायला सांगितलं आणि टॅक्सीनं ते घरी आले. साहेब पायऱ्या चढताना कठड्याला हात लावून चढले. पूर्वीही असेच चढायचे का? बाईंना आठवेना.

घरात पोरीनं दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून ठेवल्या होत्या. एका खुर्चीपुढे स्टिअरिंग म्हणून ताट होतं.

"आजोबा, बसा! मी सगळं पाठ केलंय!"

"सकाळपासून माझं डोकं उठवलंय हिनं," लेक म्हणाली. "बाबा, उद्या लवकर आवरा बरं का. नक्की ना?"

साहेबांचा हात खिशात होता. आत किल्ली वाजली. त्यांनी बाईंकडे तोंड केलं, जरासं बाजूला, त्यांच्या कानाकडे. ते असं का बघतात, हे बाईंना आज कळत होतं. ते वाट बघत होते.

बाईंना वाटलं, आपण गप्प राहिलो तर ते हो म्हणतील. काल म्हणाले तसंच, हसत.

"लाल," बाई म्हणाल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचण्यासारखा नव्हता.

लेकीला काही कळेना. तिनं आईकडे बघितलं, मग बापाकडे. पोरगी मात्र खुर्चीवर उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही पण म्हणायचं असतं!"

"लाल," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि लेकीला द्यायला हात पुढे केला. हात गेला तो लेक उभी होती त्याच्या वीतभर डावीकडे.