तळाची तोटी

महिपतीसारख्या रेतीच्या बोटवाल्यांमध्ये एक रीत होती. तळाची नवी तोटी ज्यानं घडवली, त्यानं बोट पाण्यात जाताना आत बसायचं आणि भरतीचं पाणी तोटीच्या वर चढेपर्यंत उठायचं नाही. इंजिन थंड ठेवायला खाडीचं पाणी त्या तोटीतूनच आत येतं आणि जाळीच्या भांड्यात गाळून पुढे जातं. तोटीनं दगा दिला तर बोट बुडते, म्हणून आधी करणाऱ्यानं भिजायचं. एरवी आबा बसत. १९८९च्या ऑगस्टमध्ये मी बसले.

आबा, माझे वडील, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकून ते कल्याणपुढच्या खाडीकाठच्या बोटवाल्यांची कामं करत. महिपतीची जुनी तोटी बाजारातली पितळी होती. खारं पाणी पितळेला आतून खातं. वरून सगळं शाबूत दिसत होतं, पण पाना लावला तशी ती बिस्किटासारखी तुटली. आबांनी नवी, खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या गनमेटलची करायची ठरवली. ओतकाम सुदाम ओताऱ्याच्या भट्टीत झालं, आटे आबांनी लेथवर पाडले, स्टुलावर बसून, मध्ये मध्ये थांबत. तयार वस्तू ते रॉकेलनं भरून रात्रभर कागदावर ठेवत. सकाळी कागदावर डाग दिसला की ती बाद. ही तोटी त्यांनी तशी ठेवली की नाही, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. जुलैत ते गेले.

महिपती रबरी पाइप आणि क्लिपा आणायला उल्हासनगरला गेला, तेव्हा तिथल्या सिंधी दुकानदारानं त्याला चकचकीत तयार तोटी दाखवली. आमची मास्तरांच्या हातची आहे, असं महिपती आबांबद्दल म्हणाला. दुकानदार म्हणाला, मास्टर तो गया, अब गॅरंटी कौन देगा? महिपतीनं सांगून टाकलं, त्यांची पोरगी आत बसंल. हे मला सांगताना तो हसला आणि मग अंदाज घेत माझ्याकडे पाहत राहिला. मी हो म्हटलं. आबांचं शेवटचं काम पाणी अडवतं का, ते मला पाहायचंच होतं.

पौर्णिमेच्या उधाणाला दुपारी पाणी चढू लागलं. बोटीचा सुतार हरिचंद्र यानं तेलाच्या लांबीत, म्हणजे पुटीत, कापूस भिजवून तोटीभोवती ठासून भरला होता. मी फळीवर बसून त्यावर बॅटरीचा उजेड धरला. बाहेर लाटा फळ्यांना थापट्या मारत होत्या. मग बोट जराशी हलली आणि बुडाखालचा चिखल सुटल्याचा आवाज आला. लाकूड आणि धातू यांच्यामधला सांधा कोरडा होता. मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं तोटीच्या मानेवर, पाणी बंद करायच्या कॉकच्या खाली, एक थेंब दिसला. मी रुमालानं पुसला. तो पुन्हा त्याच जागी आला. कॉक बंदच होता, पण त्याच्या खालचं पाणी तो अडवणार कसा?

हरिचंद्रनं वाकून पाहिलं आणि तो वर गेला. महिपती उतरला. त्यानं थेंबावर बोट ठेवलं.

"ताई, लाकूड घाम काढतंय. दोन दिस पानी पिलं का फुगंल, मंग बंद व्हईल."

बोलताना तो तोटीकडे पाहत नव्हता. धातूच्या मधोमध लाकडाला घाम येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण मेलेल्या माणसाच्या कामात खोट काढायची, तीही त्याच्या मुलीसमोर, हे त्याच्यानं होणार नव्हतं. तो तशीच बोट खाडीच्या मध्यावर नेणार, रोज पाणी उपसणार, आणि रेती काढायला बुडी मारणारे त्याचे गडी त्या बोटीच्या भरवशावर तळाशी जाणार.

"लाकडाचं नाही ते," मी म्हटलं. "धातूतून येतंय. काढा ती."

"मास्तरांच्या हातची हाय, ताई."

"त्यांनी ठेवली नसती."

वरून हरिचंद्रचा आवाज आला, "मास्तर पन असंच तोंडावर बोलायचं. बापावर गेली."

त्यानं सदरा काढला, पाण्यात बुडी मारली आणि बाहेरून तोटीच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली. ओहोटीला त्यानं तोटी सोडवून माझ्या हातात दिली. घरात ठेवणार का, असं महिपतीनं विचारलं. मी ती सुदामकडे नेली.

ती फोडून आत पाहायचं होतं, पण सुदामला घण उचलवेना. आबांनी त्याला भट्टी लावून दिली होती. मी छिन्नी धरते म्हटलं, तेव्हा त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच घाव घातले. मानेचा तुकडा पडला. आत मसुराएवढा काळा, सच्छिद्र ठिपका होता. आटे मात्र स्वच्छ होते. सुदामनं तो तुकडा फिरवून पाहिला.

"साच्याची वाळू ओली राहिली. पाऊस होता," तो म्हणाला. "माझं काम, ताई. आबांचं नाही."

मी म्हटलं, हेच वितळव आणि पुन्हा ओत. त्यानं तुकडे मुशीत टाकले. साच्यासाठी आबांनी सागाचा नमुना तासून दिला होता. तो त्यानं फडक्यानं पुसला आणि घरी नेणार का म्हणून विचारलं.

"तुझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "बोटवाले येतील."