न भेटण्याचा उपक्रम

चांगुणाबाईच्या कुटुंबाला आधार देणाऱ्यांची संख्या त्या कुटुंबातील माणसांच्या संख्येहून अधिक झाली, तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. परंतु ‘उन्नयन बाल-कुटुंब साहाय्य केंद्रा’त लक्षात येण्याचे काम कुणाकडेही सोपवलेले नव्हते.

कुटुंबात माणसे तीन. चांगुणाबाई स्वतः, तिची दहा वर्षांची मुलगी पुतळा आणि दोन वर्षांचा किसन. नवरा पोपट कामासाठी म्हणून सुरतेकडे गेला तो तिकडचाच झाला. जालन्याकडून आलेली ही मंडळी नेरूळच्या टेकडीखालच्या वस्तीत राहत होती. नव्या शहराच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या उभ्या करणारे लोक पत्र्याखाली राहत होते, ही गोष्ट १९८४ साली कुणाला विसंगत वाटत नव्हती. चांगुणाबाई एका इमारतीवर बिगारी होती. किसनला ती कामावर झोळीत टाके आणि पुतळा दुपारच्या शाळेत जाई. म्हणजे जात असे, केंद्राची मदत सुरू होईपर्यंत.

केंद्राचे कार्यालय वाशीला होते. तिथून मंगळवारी पोषण पाहणारी बाई येई, बुधवारी आरोग्य पाहणारी, गुरुवारी शिक्षण पाहणारा नंदकिशोर आणि शुक्रवारी मनाची विचारपूस करणारी. कार्यालय साडेदहाला उघडे, बस आपल्या मर्जीने निघे, त्यामुळे प्रत्येक भेट भर दुपारी पडे. नियम असा, की आई आणि मूल दोघेही समक्ष दिसल्याशिवाय भेट ग्राह्य धरू नये. चांगुणाबाई नियम पाळणारी बाई होती. ती आठवड्यातून चार दिवस घरी थांबे आणि पुतळेलाही थांबवून ठेवी. मोबदल्यात तिला सुकडीचे पाकीट मिळे, अंगाचा साबण मिळे आणि सल्ला मिळे.

चार खाडे करणाऱ्या बाईला मुकादम किती दिवस ठेवणार? त्याने तिला आधी दोन दिवसांवर आणले, मग बोलावले तर ये, असे सांगितले. घरात शिजणारे कमी झाले. पोषण पाहणाऱ्या बाईने मुलांचे वजन उतरल्याचे बैठकीत सांगितले. नंदकिशोरने पुतळेची गैरहजेरी सांगितली. शुक्रवारच्या बाईने आईच्या चेहऱ्यावर ताण दिसतो, असे सांगितले. सर्वांची निरीक्षणे अचूक होती. त्यावरून निष्कर्ष निघाला, की मदत अपुरी पडत आहे, आणि पाचवी केसवर्कर नेमण्यात आली. तिने महिन्याभरात अहवाल द्यायचा आणि पुतळेला पुण्याकडच्या एका बालगृहात हलवायचे, असे ठरले. अहवालाआधीच निर्णय झाला होता, हे कुणाला खटकले नाही.

ही पाचवी म्हणजे सुमेधा टिपणीस. तिने आधी संख्याशास्त्राची पदवी घेतली होती आणि मग समाजकार्याची. या दोन विद्या एका डोक्यात सुखाने नांदत नाहीत, याचा तिला रोज प्रत्यय येई. सहकारी तिला ‘पुरावाबाई’ म्हणत आणि ती ते मनावर घेत नसे. पुराव्याशिवाय मनावर घेण्याची तिला सवय नव्हती.

ती पहिल्यांदा गेली तो गुरुवार होता. दारातच नंदकिशोर पुतळेसमोर उकिडवा बसला होता आणि अत्यंत प्रेमळ आवाजात विचारत होता, “बेटा, आज शाळेत का नाही गेलीस?”

“सर, तुमी येनार म्हून,” पुतळा म्हणाली.

नंदकिशोर हळूच सुमेधाकडे वळला. “बघितलंत? दर वेळी हेच. खरं कारण सांगतच नाही. फार आतवर काहीतरी आहे.”

सुमेधाने त्याच्याकडे पाहिले. तो थट्टा करत नव्हता. तो गेल्यावर तिने चांगुणाबाईला विचारले, पुतळा किती दिवस शाळेत गेलेली नाही. चांगुणाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उत्तर देण्याऐवजी स्वतःच विचारले.

“जयभीम बाई. पोरीला नेनार म्हनत्यात, खरं हाय का?”

सुमेधा म्हणाली, अजून काही ठरलेले नाही. तिच्या वैचारिक शिस्तीला न शोभणारे हे वाक्य होते.

“मी काय म्हनते, मुकादमाला सांगून टाकते. कामच सोडते. रोजच्या रोज घरी बसते, पोरीलाबी बसवते. तुमी कवाबी या, आमी हजर. मग तर न्हाई ना नेनार?”

त्या दुपारी सुमेधा परत निघाली तेव्हा तिच्यापुढे सारे स्वच्छ मांडलेले होते. भेटीमुळे खाडा, खाड्यामुळे उपासमार, उपासमारीमुळे भेट. तापलेल्या इस्त्रीला ती तापली म्हणून आणखी वीज देणारे यंत्र कुणी बनवले असते, तर ते असेच चालले असते. आणि यंत्राच्या शेवटच्या टोकाला ती बाई आपली मुलगी वाचवण्यासाठी उरलेसुरले कामही सोडायला निघाली होती.

केंद्राचे संचालक अरविंद गुप्ते सज्जन होते. लहान मुलांचे फोटो पाहून त्यांचे डोळे पाणावत. त्यांनी सुमेधाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे आपण जायचंच नाही?”

“महिनाभर थांबून पाहू, सर.”

“टिपणीसबाई, आपण गेलो नाही, तर आपण आहोत कशासाठी?”

हा प्रश्न तिलाही पडला होता. पण गुप्त्यांनी तो उत्तर म्हणून वापरला. संध्याकाळी जाता येईल का, असेही तिने विचारून पाहिले. संध्याकाळी कर्मचारी घरी जातात, असे गुप्ते म्हणाले. त्यांनाही कुटुंबे आहेत.

सुटका दिल्लीहून आली. केंद्राला अनुदान देणाऱ्या संस्थेचा एक तज्ज्ञ पाहणीला आला आणि जेवण झाल्यावर सहज म्हणाला, की तुमच्या मदतीने सुधारणा होते, हे तुम्ही कशावरून ठरवता? तुलनेसाठी मदत न मिळालेली कुटुंबे कुठे आहेत? गुप्त्यांना प्रश्न कळला नाही. परंतु त्यात अनुदानाचा वास आहे, एवढे कळले. सुमेधाने खुलासा केला. चोवीस कुटुंबांतून बारा चिठ्ठ्या टाकून निवडायची. त्या बारा घरी सहा महिने कुणीही जायचे नाही, काही द्यायचे नाही, काही काढून घ्यायचे नाही. तज्ज्ञाने होकारार्थी मान डोलावली आणि अट घातली, की त्या बारांपैकी कुठल्याही घरातले मूल या काळात हलवता कामा नये, नाहीतर तुलना बिघडेल. सुमेधाला एवढेच हवे होते. चांगुणाबाईचे नाव त्या बारांत आले, तर पुतळा घरी राहील. आले नाही, तर पुढच्या महिन्यात जाईल. दोन्हींची शक्यता अगदी समसमान होती आणि आयुष्यात प्रथमच सुमेधाला समसमान शक्यतेचा राग आला.

चिठ्ठ्या वस्तीतल्या विहारात टाकल्या. मागच्या भिंतीला बुद्ध आणि बाबासाहेब, समोर चटईवर बायका, कडेला खुर्चीवर गुप्ते. मदत बंद झाल्याचे ऐकून कुणी रडले तर हाताशी असावी, म्हणून शुक्रवारच्या बाईला सोबत आणले होते. सुमेधाने पितळी डब्यातून पहिली चिठ्ठी काढली आणि केशरबाईचे नाव वाचले.

केशरबाईने तोंडाला पदर लावला. शुक्रवारची बाई उठून तिच्याजवळ गेली आणि तशीच परत आली. केशरबाई हसत होती.

“सुटली गं बया,” मागून कुणीतरी म्हणाले. “आता सोमवार ते शनवार कामाला मोकळी.”

“साबन गेला की तिचा.”

“साबन मी तुला देते, तू माजा गुरवार घे.”

गुप्ते सुमेधाच्या कानाशी लागले. यांना नीट समजलेले दिसत नाही. पुन्हा एकदा समजावून सांगा. सुमेधाने पुन्हा समजावून सांगितले. बायकांचे चेहरे आणखी खुलले.

चटईवर एकटी दुर्गाबाई चिंतेत होती. नातवाला सांभाळणारी ती म्हातारी. दाराशीच असलेल्या शाळेतून तिचा सदू भेटीपुरता येऊन जाई, बाकी दुपारभर ती एकटी असे आणि केंद्राची माणसे हीच तिची पै-पाहुण्यांची रहदारी होती. तिने त्यांच्यासाठी कपबशा घेतल्या होत्या. आपले नाव निघू नये, म्हणून ती डोळे मिटून बसली होती.

अकरा नावे झाली. चांगुणाबाई किसनला मांडीवर घेऊन डब्याकडे पाहत होती. पुतळा तिच्या पाठीशी उभी होती. सुमेधाने बारावी चिठ्ठी उघडली. चिठ्ठीवर दुर्गाबाईचे नाव होते.

निवडीत हात घालायचा नाही, हा तिच्या विद्येतला पहिला नियम होता. तो मोडणाऱ्यांविषयी ती आजवर अत्यंत तुच्छतेने बोलत आली होती. तिने चिठ्ठीची घडी घातली, मुठीत धरली आणि शांत, स्पष्ट आवाजात चांगुणाबाईचे नाव वाचले.

सहा महिन्यांत काय झाले, ते वेगळे सांगायला नको. त्या बारा घरांतल्या आया कामावर गेल्या, मुले शाळेत गेली आणि वजने वाढली. भेटींच्या बारा घरांत पूर्वीचेच चालू राहिले. पुतळा वर्गात रोज दिसू लागली. सुमेधाने आकडे तपासले, चांगुणाबाईचे घर वगळून पुन्हा तपासले आणि निष्कर्ष बदलत नाही, हे पाहून तिला बरे वाटले. मग तिच्या लक्षात आले, की वगळलेले घर नेमके कोणत्या कारणासाठी वगळले, हे ती कुणालाच सांगू शकणार नाही. बरे वाटणे तिथेच संपले.

तिला वाटले होते, गुप्ते हादरतील. गुप्ते आनंदले. दिल्लीत त्यांनी हे यश केंद्राचेच म्हणून मांडले आणि ते मोठ्या प्रमाणावर राबवण्यासाठी ‘न भेटण्याचा उपक्रम’ सादर केला. त्यात ठरलेल्या घरी कुणी जात नाही ना, हे पाहण्यासाठी तीन पर्यवेक्षक होते. नंदकिशोर त्यांचा प्रमुख झाला. तो सकाळी वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राही आणि संध्याकाळी कुणी आले नाही, असे कळवी.

“आणि पाहुणे येतायत,” गुप्ते म्हणाले. “सहा जण, दिल्लीहून. ज्यांच्याकडे कुणी जात नाही, अशा कुटुंबाची भेट घ्यायची आहे त्यांना. सर्वांत जास्त सुधारणा कुणाची?”

सुमेधा आकड्यांच्या कागदाची घडी घालू लागली. गुप्त्यांनी तो तिच्या हातातून घेऊन पाहिला. चांगुणाबाई. उत्तम. यापुढे दर महिन्याला अभ्यासभेटी ठेवू, मुलगी आणि आई दोघी घरी असतील, एवढे पाहा.

पाहुणे आले ते दुपारी. सुमेधा पुढे चालली होती. चांगुणाबाईच्या गल्लीशी पोचल्यावर ती डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली आणि गुप्त्यांसह त्या सर्वांना दुर्गाबाईच्या दारात घेऊन आली. या बाई चांगुणाबाई, असे तिने इंग्रजीत सांगितले. दुर्गाबाईला इंग्रजी येत नव्हते. आठ माणसे एकदम आलेली पाहून तिला भरून आले आणि तिने कपबशा काढल्या.

मुलगी कुठे आहे, एका पाहुण्याने विचारले. शाळेत, सुमेधा म्हणाली. त्या दुपारी तिने उच्चारलेले हे एकमेव खरे वाक्य होते.

मग त्यांच्यातल्या एका पाहुणीने विचारले, की तुमच्याकडे कुणी येत नाही, तेव्हा तुम्हाला कसे वाटते? सुमेधाने प्रश्न जमेल तितका पुसट करून विचारला. दुर्गाबाई गोंधळली.

“येत न्हाईत कोन? येत्यात की. मंगळवारी येत्यात, बुधवारी येत्यात, ते गुरवारचे सर बी येत व्हते. लई जीव लावत्यात. तुमीबी या बरं, दर आठवड्याला या.”

सहा चेहरे सुमेधाकडे वळले. तिने गुप्त्यांकडे पाहिले. त्यांना मराठी उत्तम येत होती. शिवाय या बाईच्या डोक्यातले काळे केस मोजायला एक बोटही लागले नसते आणि चांगुणाबाईला दोन वर्षांचे मूल होते. सारे त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलेले तिने पाहिले. आता खरे सांगायचे, असे तिने ठरवले आणि तोंड उघडले.

गुप्ते तिच्याआधी बोलले. बाई म्हणतात, त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितले, की पूर्वीच्या भेटींची आठवण त्यांच्या मनात इतकी जिवंत आहे, की आता प्रत्यक्ष भेटीची गरजच भासत नाही. पाहुणीने चष्मा काढून डोळे टिपले.

परत निघताना गुप्ते सुमेधाच्या बाजूने चालू लागले. तिने त्यांना काही सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“मला काही सांगू नका. मुलीला पाठवायचा विषय मिटला, असं धरा. ही म्हातारी बोलते छान. पाहुण्यांना हिच्याकडेच आणत चला.”

बससाठी मंडळी पुढे गेली. सुमेधा मागे रेंगाळली आणि तिची पावले आपसूक डावीकडच्या गल्लीत गेली. चांगुणाबाईला सांगावे, पोरगी आता तुमचीच, असे तिच्या मनात होते. कामाचा मेळ कसा बसला, किसन कसा आहे, पुतळेला वाचता येते का, हेही विचारायचे होते.

दाराला कुलूप होते. केंद्राच्या भाषेत याला निष्फळ गृहभेट म्हणत. सुमेधाने कुलूप एकदा ओढून पाहिले. ते घट्ट बसलेले होते. शेजारणीने विचारले, काही निरोप द्यायचा आहे का?

“नाही,” सुमेधा म्हणाली. “मी आले होते, हेही सांगू नका.”