बरणीतला दोर

टेबलावर काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येकीत पाणी आणि पाण्यात एकेक दोर, काळपट, बुळबुळीत, अंगठ्याएवढा जाड. लोक रांगेनं पुढे सरकत, वाकून बघत, नाक मुरडत आणि त्याच दमात हात जोडत. फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह इतकं भरलं होतं, की खिडकीच्या कठड्यावरसुद्धा माणसं बसली होती.

"हे काय आहे?" पोटगुरूंनी एक बरणी उचलून उजेडात धरली. "हे विष आहे! वर्षानुवर्षं तुमच्या आतड्याला चिकटलेलं! डॉक्टर म्हणतो, आतड्याला सूज आली. अहो, मोरी तुंबली तर तुम्ही मोरीला गोळ्या देता? कचरा काढता ना? माझं चूर्ण तेवढंच करतं. गुण शंभर टक्के!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत माझी भाची बसली होती. तिच्या मांडीवर तिची स्वतःची बरणी होती. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखी ती तिला दोन्ही हातांनी धरून होती.

भाची चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं काम करते. ऐन पंचविशीत तिच्या मोठ्या आतड्याला सूज आली, आत जखमा झाल्या. रक्त पडतं, कळा येतात. कुठेही जायचं ठरलं की ती आधी तिथे संडास कुठे आहे ते विचारते आणि मग कोण कोण येणार आहे ते. गोळ्यांनी आजार आटोक्यात होता, पण पुरता जात नव्हता. म्हणून तिच्या डॉक्टरीणबाईंनी एक नवं औषध सुचवलं. त्याची चाचणी चालू होती. तिची आई, म्हणजे माझी ताई, आणि मी दोघी तिच्यासोबत गेलो होतो.

"या आजारात शरीराचे राखणदारच चुकून आपल्या आतड्यावर तुटून पडतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध त्यांना आतड्याच्या दारातच अडवेल, असा अंदाज आहे."

"अंदाज?" ताई म्हणाली.

"आतापर्यंत बऱ्याच जणांना उपयोग झालाय, सगळ्यांना नाही. म्हणून तर चाचणी. आणि अजून एक. निम्म्या लोकांना औषध मिळेल, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी गोळी, जिच्यात औषध नसेल. कुणाला काय मिळालं ते मलाही कळणार नाही. चालू गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, आणि त्रास वाढला तर तिला लगेच चाचणीतून बाहेर काढू."

ताई खुर्चीवरून उठलीच. "म्हणजे माझ्या पोरीला खोटी गोळी देणार, आणि वर तोंडावर सांगणार?"

"तोंडावर सांगतेय म्हणूनच विश्वास ठेवा. सगळ्यांनाच खरं औषध दिलं, तर बरं वाटलं ते औषधानं की आपोआप, हे कळायचं कसं? हा आजार मध्येच स्वतःहून शांतही होतो."

"चल गं," ताई लेकीला म्हणाली. "यांचं यांनाच काही माहीत नाही."

माझा जीव तिथेच तीळतीळ तुटला. जी बाई आपल्याला काय माहीत नाही तेसुद्धा सांगत होती, ती ताईला अडाणी वाटली. आणि ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याचं 'शंभर टक्के' तिनं पदरात बांधून घेतलं.

चूर्णानं सुरुवातीला भाचीचं पोट घट्ट झालं, संडासाच्या फेऱ्या कमी झाल्या. मग संडासावाटे दोर निघाला. घरात आनंदीआनंद! "गोळ्यांनी विष आत चिकटून राहतं," असं पोटगुरूंनी सांगितलं, म्हणून तिनं गोळ्या सोडल्या. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त पडायला लागलं, तर गुरू म्हणाले, "विष निघतंय. निघू द्या." बरं वाटलं की चूर्णाचा गुण, रक्त पडलं की तोही चूर्णाचाच गुण. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

मी भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला गाठलं. "भाऊजी, तुमचं पोट दगडसुद्धा पचवतं. तुम्ही घ्या बरं चूर्ण. तुम्हाला तर काही आजार नाही. बघू काय निघतं."

भाऊजींनी घेतलं आणि दोर निघाला, तोही लेकीच्या दोरापेक्षा लांब. ते जरा खुशीतच सांगत आले.

"बघितलंस?" मी ताईला म्हटलं. "धडधाकट माणसातूनही निघतो!"

ताईनं हे पोटगुरूंना सांगितलं. ते क्षणभरही अडखळले नाहीत. "म्हणजे बापाच्या पोटातही होतं! अहो, हे घराण्यातलंच विष!" ताईनं येताना आणखी दोन डबे आणले. माझ्या वाटणीचासुद्धा.

मी त्या डब्यातलं चमचाभर चूर्ण पेल्यात भरपूर पाण्यात ढवळलं. थोड्या वेळानं तळाशी बारीक माती बसली. वर जे फुगून बुळबुळीत झालं, ते मी न चाखताच ओळखलं. इसबगोल! पोट साफ होत नाही म्हणून निम्मी दुनिया घेते तेच. ते पाणी शोषून फुगतं, म्हणून भाचीचं पोट घट्ट झालं, आणि मातीसकट आतड्याच्या नळीत दाबलं गेलं की त्याचाच दोर होतो. पण हे ताईला सांगून काय उपयोग? तिला असं पोट दाखवायला हवं होतं, ज्यानं आयुष्यात घासभरही खाल्लेलं नाही.

माझ्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी तिथून नव्या ट्यूबचा हातभर तुकडा आणला आणि ताईसमोर ठेवला. "तुझ्या डब्यातलं चूर्ण, तुझ्याच घरचं कोमट पाणी. तूच भर आणि तूच तोंडं बांध. मी हात लावत नाही."

"तुझं डोकं फिरलंय," ताई म्हणाली, पण तिनं भरलं. सभेला निघेपर्यंत ती ट्यूब तिच्याच ताब्यात होती.

त्या बरण्यांच्या सभेत "कुणाला काही शंका?" असं पोटगुरूंनी विचारलं, तशी मी ताईला धरून टेबलापाशी नेलं. ताईनं गाठ सोडली आणि ट्यूब पिळली. आतून दोर सरकत आला, काळपट, बुळबुळीत, अंगठ्याएवढा जाड. ताईनं तो शेजारच्या बरणीशी धरून बघितला. दोन्ही हुबेहूब सारखे.

"या ट्यूबला आतड्याची सूज कधी आली होती, गुरुजी?" मी विचारलं.

"रबरातसुद्धा विष असतं!" ते गरजले.

"मग माझ्या स्कूटरलाही चूर्ण द्या!" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह खदाखदा हसलं.

भाची हसली नाही. ती उभी राहिली. तिनं विचारलं, "मी गोळ्या सोडल्या. मग माझं रक्त कशाचं पडतंय?"

"श्रद्धा कमी पडली, बाळा."

भाचीनं आपली बरणी टेबलावर ठेवली. "मावशी, मला दवाखान्यात ने. मला उभं राहवत नाहीये."

जिना उतरताना आम्हाला काय दिसलं, सांगू? खाली डबे विकायच्या टेबलाशी रांग होतीच. "ट्यूबचं आपल्याला माहीत नाही हो, मला तर फरक पडला," एक गृहस्थ मलाच समजावत होते. मला त्यांच्या डोक्यात डबा घालावासा वाटला. घातला नाही, कारण भाची माझ्या खांद्यावर टेकलेली होती.

तिला दाखल करून घेतलं. आतडं पार सोललं गेलं होतं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शिरेतून औषधं सुरू केली. ताईनं खाली मान घालून विचारलं, "ती चाचणी… आता घ्याल का तिला?"

"ती भरली. आणि या अवस्थेत तिला घेताही आलं नसतं. दुसरी निघाली तर विचारेन, पण शब्द देत नाही."

भाचीच म्हणाली, "नाव घालून ठेवा, डॉक्टर. बिनऔषधाची गोळी वाट्याला आली तरी चालेल."

त्या वॉर्डात आणखी दोघंजण तेच चूर्ण घेऊन आलेले निघाले. तेव्हा मला ते सभागृह नीट दिसलं. ज्यांना बरं वाटलं ते तिथे खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होते. ज्यांना नाही वाटलं, ते घरी संडासाच्या दाराशी होते, नाहीतर इथे खाटेवर. सभेला ते येणार कसे? म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कुणी चमत्कार दाखवला, तर बरे झालेले मोजू नका. न आलेल्यांची चौकशी करा. त्यांच्या घरी जा. आणि तोवर चालू असलेली एक गोळीही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय, सोडू नका.