नुसतं उभं राहणं

"काका, या घोड्याला नुसतं उभं राहता येतं का?"

मैत्रिणींची पैज होती. घोडेवाल्यांना हा प्रश्न तोंडावर विचारशील तर तू खरी. तिनं विचारला. बाबांनी कपाळाला हात लावला. घोडा विकणारे दोघे भाऊ मात्र पोट धरून हसले.

"उभंच राहायचं तर टेबल घ्या की ताई," थोरला म्हणाला. "त्यालाही चार पाय असतात. याची चाल बघा, चाल."

चाल रवाल होती. एकेक पाय सुटा टेकवत घोडा असा सरकतो की स्वाराच्या पोटातलं पाणी हलत नाही. रवाल घोड्यांच्या स्पर्धेत यंदा मीच उतरणार, असं तिनं वर्गभर सांगून ठेवलं होतं. बाबांनीही भावांना जवळजवळ शब्द देऊन टाकलेला. उरली होती फक्त परीक्षा, म्हणजे स्वाराच्या हातात काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला.

ती चढली. धाकट्यानं फाटक लावून अडसर सरकवला. अंगण कसलं, चार उंच भिंतींमधला बोळच तो. घोडा निघाला आणि ती हरखून गेली. भिंत आली, वळला. पुन्हा भिंत, पुन्हा वळला. पेल्यातला थेंब सांडेना. आईनं तर टाळ्याच वाजवल्या.

"बास, थांबव आता," बाबा म्हणाले.

तिनं लगाम ओढला. घोडा थांबला, आणि पेला तिच्या मांडीवर सांडला.

तिच्या गुडघ्यांखाली घोड्याचं अंग लटलट कापत होतं. पाय थांबले होते, बाकी काहीच थांबलं नव्हतं. तेवढ्यात धाकट्यानं भिंतीला टेकवलेली काठी सहज हातात घेतली, आणि तिनं न सांगताच घोडा सुटला. भिंत, वळण, भिंत. लगाम ओढला की थरथरे, काठी दिसली की सुटे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उतरावं कुठे? तिचा गुडघा भिंतीला खरचटला. फाटक बंदच.

"बघा दम," थोरला कौतुकानं म्हणाला. "थांबायचं नावच घेत नाही."

"काका, ती काठी खाली ठेवा."

आपलाच आवाज इतका शांत निघालेला ऐकून तिला नवल वाटलं. धाकट्यानं भावाकडे पाहिलं, मग काठी ठेवली. आणखी दोन वळणांनी घोडा कसाबसा थबकला. ती उतरली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. हाताखाली ते कापणं चालूच होतं.

घोडा नको म्हणावं, तर हा याच भिंतींमध्ये. हवा म्हणावं, तर स्पर्धेचं मैदान, गर्दी आणि पुन्हा तेच पळणं. शिवाय वर्गात वर्षभर ऐकावं लागणार, "काय गं, टेबल घेतलंस म्हणे?"

"आवडला ना?" आईनं विचारलं.

"आवडला. घेऊया," ती म्हणाली. "पण स्पर्धेत मी उतरत नाही. हा न कापता उभा राहीपर्यंत मी त्याच्या पाठीवर बसणार नाही."

"मग घेऊन करायचं काय?" बाबांचा चेहरा पडला.

"रोज त्याच्याशेजारी नुसती उभी राहणार. माझं ठरलंय, बाबा. तेवढं ते फाटक उघडायला सांगा."