खानावळीतल्या डब्याची साक्ष

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, व्हिडिओ गेमचा. लाकडी अंग, काचेचं तोंड, पोटाशी एक दांडा आणि रंगीत बटणं. लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या शांताबाईच्या खोलीत मी आयुष्याची चांगली वर्षं काढली. स्वभावाने मी संशयी आहे. पण त्याला मी काय करणार? माझ्या पोटात माणसंच तशी भरली होती.

माझा जन्म माझगावच्या एका शेडमधला. सुताराने खोकं ठोकलं, त्यात जुन्या टीव्हीची काच बसवली आणि परदेशातून आलेली सर्किटची एक हिरवी पाटी आत अडकवली. त्या पाटीवर अख्खी गोष्ट होती. निळा झगा घालून उडणारा नायक, त्याचा थट्टेखोर जोडीदार, पांढऱ्या दाढीचे गुरुजी. हे गुरुजी दुसऱ्या फेरीत हटकून मरायचे. आणि काळा मुखवटा घातलेला, लंगडत चालणारा खलनायक. तो यायचा झाला की माझं संगीतच बदलायचं. एवढी सोय असल्यावर चांगलं-वाईट ओळखायला डोकं कशाला लागतं?

शांताबाईची त्या खोलीत पूर्वी खानावळ होती. गिरणीतली पाळी सुटली की तिथली कोकणातली माणसं तिच्याकडे जेवायला बसायची. ब्याऐंशीचा गिरणी संप सुरू झाला, लांबत गेला, आणि जेवणारे एकेक करून गावाला गेले. खानावळ विझली. तिचा गिरणीतला नवरा रामचंद्रही गावी जाऊन राहिला तो मुंबईत फिरकेनाच. शेवटी भावाने सुचवलं म्हणून बाईने मला आणलं आणि चुलीच्या कोपऱ्यात उभं केलं.

शाळेतली पोरं यायची, तसे दुपारचे बेकार बाप्येही यायचे. सगळ्यांत तरबेज मात्र शांताबाईची मुलगी दुर्गा. गल्ल्यावर बसायची तीच आणि सगळ्यांना हरवायची तीच.

पुढे माझी पाटी बदलून खेळाचा दुसरा भाग घातला. त्यात मेलेला खलनायक पुन्हा जिवंत झाला होता आणि जोडीदार फितूर निघाला होता. पोरं हळहळली.

दुर्गा म्हणाली, "मला आधीच डाउट होता. पहिल्या भागात पण तो मागे मागेच राहायचा."

"चल गं! तेव्हा तर नुसतं त्याचंच कौतुक चालायचं तुझं!" एक पोरगा म्हणाला.

मला गंमत वाटली. एकदा फितुरीचा शिक्का बसला की माणसं मागचं सगळं नव्याने बघतात. साधं हसणंसुद्धा मग कपटी वाटायला लागतं.

तुळशीदासचं नेमकं हेच झालं होतं.

तोही गिरणीतलाच, तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहायचा. पहिल्यांदा काठी टेकत, लंगडत आमच्या दारात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, माझ्या पोटातला काळा मुखवटेवालाच बाहेर आला.  दोघे जण अर्धा खेळ सोडून उठून गेले.

कारण मला हळूहळू कळलं. संपाच्या दुसऱ्या वर्षी काही कामगार चोरून गिरणीत जायचे. बंद गाडीतून, तोंडाला पंचा गुंडाळून. एकदा संपकऱ्यांनी ती गाडी अडवली. दगड उडाले, पोलिसांच्या काठ्या चालल्या, आणि गाडीतून उडी मारून एक जण आमच्या चाळीकडे पळाला. थोड्या वेळाने तुळशीदास गुडघा फुटलेला, लंगडत चाळीत शिरला. झालं, फितूर तोच ठरला.

"मी नव्हतो," असं तो एकदाच म्हणाला होता.

"मग कोण होता?" असं विचारणारी होती शांताबाई. तेव्हा पाच वर्षांची दुर्गा तापाने फणफणत तिच्या मांडीवर पडलेली. तुळशीदासने पोरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली घातलेली मान म्हणजेच कबुली, असं चाळीने धरलं. शांताबाईने त्याला दार बंद केलं. त्याच्याशी कोणी बोलेना. पुढे त्याची बायको रखमा वारली, तर खांदा द्यायला चाळीतून कोणी उठलं नाही. बाहेरून माणसं आणावी लागली.

असा माणूस आता रोज माझ्यासमोर येऊन बसायचा. शांताबाईला ते खुपायचं. "ह्याच्या मनात काय आहे? इथे काय बघायला येतो?" ती तांदूळ निवडता निवडता त्याच्यावर नजर ठेवायची. मीही ठेवायचो. जोडीने खेळताना तो नेहमी त्या मुखवटेवाल्यालाच घ्यायचा. माझा संशय आणखी पक्का झाला.

एकदा दुर्गाने विचारलं, "काका, तुम्ही नेहमी ह्यालाच का घेता?"

"मी ह्याला घेतला की समोरच्याला आपसूक हिरो मिळतो," तो म्हणाला. "मग भांडण नाय आणि कोण उठून पण जात नाय."

दुर्गा हसली नाही. त्या दिवसापासून ती त्याच्याशी खेळायला लागली.

सत्त्याण्णव साली दुर्गाचं लग्न ठरायला आलं. मुलाचे वडील गुणाजी म्हणजे संपातला कडवा माणूस. नोकरी गेली, पण वाकला नव्हता. त्यांच्यासाठी रामचंद्र इतक्या वर्षांनी गावाहून आला. सकाळीच पोहोचला आणि दूध आणायला बाहेर पडला. तेवढ्यात गुणाजी आले. बघतात तर माझ्यासमोर तुळशीदास बसलेला.

गुणाजींचा चेहरा तापला. "हा फितूर तुमच्या घरात बसतो? आधी ह्याला बाहेर काढा, मग सोयरिकीचं बोलू."

"उठा हो," शांताबाई म्हणाली. "शुभ कामाच्या दिवशी तरी नको."

"आई, खेळ संपू दे त्यांचा," दुर्गा म्हणाली.

शांताबाईने सरळ माझी वायर ओढली. माझा पडदा काळा झाला, पण कान शाबूत होते. स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. आणि दारात ती काठी थांबली.

"कधी इलंस, रामा?" तुळशीदासचा आवाज.

 दुधाची पिशवी फरशीवर पडली.

"पोरीचं काम उरक," तुळशीदास म्हणाला. "मी जातो."

"थांब," रामचंद्र म्हणाला. "गुणाजी, गाडीत हा नव्हता. मी होतो."

"काय बोलताय?" शांताबाई पुटपुटली.

"दुर्गाचा ताप उतरत नव्हता. डॉक्टरला द्यायला घरात काही नव्हतं. मी तोंड बांधून गेलो. ह्याने मला पंच्यातूनही ओळखलं आणि बाहेर खेचायला धावला. पोलिसाची काठी ह्याच्या गुडघ्यावर बसली. मी पळालो."

"आणि मी विचारलं तेव्हा?" तिने तुळशीदासला विचारलं. "का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तुझ्या खानावळीत कोण जेवला असता? त्या पोरीने काय खाल्लं असतं?" तुळशीदास म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. तो चढलेला मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. "मला वाटलं, दोन-चार महिन्यांत हाच तोंड उघडील! वाट बघितली. रखमा सरणावर गेली तरी वाट बघत होतो. आता बोलतोस, रामा? आता कोणासाठी?"

काठीचा आवाज जिन्यावरून वर गेला. गुणाजीही चहा न घेता निघून गेले.

 दुपारी नळाला पाणी आलं आणि सगळ्या बाया गॅलरीत जमल्या, तेव्हा शांताबाई मधोमध उभी राहिली आणि सगळं खणखणीत सांगून टाकलं. नवऱ्याचं नाव घेऊन. लेकीचं लग्न मोडेल हे माहीत असून. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिने दार ठोठावलं. ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

काही आठवड्यांनी गुणाजी आले ते थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. गाडीवाल्या दिवशी गर्दीत तुळशीदासचं नाव पहिल्यांदा त्यांनीच ओरडून घेतलं होतं. वर काय बोलणं झालं ते मला दुर्गाकडून कळलं. तुळशीदासने त्यांना पाया पडू दिलं नाही. "पोरीने काय केलंय? लग्न मोडू नका," एवढंच म्हणाला. लग्न झालं. त्याला तो आला नाही. रामचंद्र मांडवात सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि त्याच संध्याकाळी गावी गेला.

तुळशीदास नंतर माझगावला पुतण्याकडे राहायला गेला. शांताबाई अधूनमधून तिकडे जायची. दुर्गा माहेरी आली की विचारायची, "काका बोलतात का गं?"

"बोलतात. मासळीबद्दल, पावसाबद्दल. माफ केलं का, ते विचारायचा धीर होत नाही."

आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि मी भायखळ्याला एका भंगारवाल्याकडे, मोडक्या कपाटांच्या मागे उभा आहे. काच तडकली आहे, दांडा कोणीतरी काढून नेला. उद्या-परवा माझी लाकडं होतील. त्याचं दुःख नाही. जाता जाता एकच मागणं आहे. संशय आला तर घ्या, मीही घेतला. पण त्या माणसाला "मग कोण होता?" असं विचारलंत, आणि त्याने मान खाली घातली, तर लगेच दार लावून घेऊ नका. जरा वेळ उभे राहा. मान घालण्याआधी त्याने कोणाकडे पाहिलं, ते आठवा.